पालुपीच्या गेममधला भोंगा

माझ्या टपरीमागच्या खोलीत बसून गावातली पालुपी मोबाइलवरचा गेम बनवायची. जुन्या कम्प्युटरची टर उडवणारा गेम. करडी चौकट उघडायची: ‘बायको प्रतिसाद देत नाही. वाट पाहता की बंद करता?’ माझा नवरा सुगेंग हसून हसून कॉफी सांडायचा. “काय गं, आमच्या घरात कान लावून बसतेस काय?”

गेममधला कम्प्युटर बंद पडला की दणदणीत आवाज हवा होता. पालुपीने गावच्याच भोंग्याचा आवाज घेतला; ज्वालामुखी खवळला तर वाजणारा, एरवी फक्त चाचणीला ऐकू येणारा. गेम घरोघरी पोचला. दिवसभर कुठेतरी भोंगा वाजायचा, आणि कुणीतरी ओरडायचं, “मेला रे कम्प्युटर!”

त्या उन्हाळ्यात माकडं डोंगर सोडून आमच्या सालाकच्या फळबागांत उतरली. वरच्या झऱ्याचं पाणी कोमट लागायला लागलं. कुणी त्यावर फार बोललं नाही.

एका दुपारी भोंगा वाजला. टपरीत पत्ते कुटणारे हसले. “कुणाचा मेला?”

पालुपी अनवाणीच बाहेर आली. “फोन बघा आपापले! कुणाचाच नाही. वरून येतोय. उठा!”

“बस गं, किती जाहिरात करशील!”

तिने पत्ते उधळून लावले. तेवढ्यात कौलांवर बारीक खडे तडतडले. मग सगळे खाली जायला रस्त्यावरच्या ट्रककडे धावले. पालुपी मात्र दारं बडवत वरच्या आळीत गेली. शेवटचं घर विर्योआजोबांचं. ते निवांत दारात बसले होते.

“शेजारचं कुणीतरी खेळतंय गं.”

“नाही हो आजोबा, खरा आहे! चला!” तिने त्यांचा हात ओढला.

आकाश काळवंडलेलं पाहून ते उठले, पण गोठ्याकडे वळले. “म्हशीचं दावं सोडतो. तू हो पुढे, आलोच.”

ते आले नाहीत. राख निवल्यावर गोठ्यातच सापडले.

पालुपीने गेम बंद केला. आमच्यापैकी कुणी तिला बोल लावला नाही. तेच तिला सोसेना. आता ती डोंगरावरच्या निरीक्षण चौकीत मदतीला जाते.

काल ती चौकीतून थेट टपरीत आली. बसली नाही.

“ताई, म्हाताऱ्या माणसांना आजच खाली पाठवा.”

“भोंगा तर वाजला नाही,” मी म्हटलं.

“नाही वाजला.”

सुगेंगने हातातला कप ठेवला आणि सासूबाईंचं गाठोडं बांधायला आत गेला.