खिडकीतली डिझेलची बाटली

याकूत मुलखातल्या त्या गावात थंडी किती पडली हे कुणी रेडिओला विचारत नसे. लोक अकुलिनाच्या खिडकीकडे बघत. गावचं इंधनाचं गोदाम वीस वर्षं तिच्या ताब्यात. खिडकीबाहेरच्या फळीवर ट्रकवाले आपापल्या डिझेलची बाटली ठेवून जात. सकाळी डिझेल नितळ असलं तर निघा, गढूळ असलं तर घरी बसा. तिचा नवरा प्रोकोपी तरुणपणी डिझेल गोठून वाटेत अडकला होता आणि पायाची तीन बोटं गमावून परतला होता. तेव्हापासून या बाबतीत ती सख्ख्या भावाचंही ऐकत नसे.

त्या ऑक्टोबरात पारा एकदम उणे वीसवर गेला आणि ट्रकवाल्या गाव्रिलनं आपल्या पिंपातून भरून ठेवलेली बाटली खरवसासारखी पांढरी झाली. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. परवा शंभर मैलांवर त्याच्या एकुलत्या लेकीचं लग्न होतं आणि ट्रकची टाकी रिकामी होती, गोदामातही थंडीचं डिझेल अजून आलं नव्हतं.

"ताई, रॉकेल ओततो की आत्ता त्यात!"

"आता ओतून काय उपयोग, मेल्या? मेण धरलंय त्यानं, ऊब लागून वितळल्याशिवाय मिसळायचं नाही. ऑगस्टात घसा फोडून सांगत होते, ऊन आहे तोवर मिसळून ठेव. तेव्हा मासे मारत बसलास!"

"म्हटलं, थंडी पडली की बघू..."

"तहान लागल्यावर विहीर खणणारा तू!"

बोलली खरी, पण त्याचे भरलेले डोळे बघून तिचाही जीव कळवळला. आईवेगळी पोर, अकुलिनाच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. लग्नात बापही नसावा? पिंपं मावतील अशी ऊबदार जागा गावात एकच होती, तिचा गोठा.

"माझ्या गाईंच्यात डिझेल?" प्रोकोपी उखडला. "दुधाला वास लागला म्हणजे?"

"चार दिवस कोरा चहा प्या. बोटं गेली तेव्हा कुठं दूध आठवत होतं?"

प्रोकोपी उठून पिंपं लोटू लागला.

गाई दिवसभर नाकं फेंदारून फुरफुरत होत्या. दुसऱ्या दिवशी डिझेल नितळलं, तसं अकुलिनानं एका भागाला दोन भाग रॉकेल घालून ते वल्ह्यानं ढवळलं आणि नवी बाटली फळीवर ठेवली. गाव्रिल बाटलीसमोरून हलेना. लग्नाच्या दिवशी पहाटे बाटली झऱ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ होती. वाट सुखाची व्हावी म्हणून प्रोकोपीनं तिथल्या रिवाजाप्रमाणे चुलीतल्या अग्नीला लोण्याचा घास दिला आणि ट्रक धडधडत निघाला.

संध्याकाळी नवरीचाच फोन आला. "मावशी, बाबा आले! पण शेणाचा काय वास मारतोय त्यांना! तरी मी सोडतच नाहीये."

अकुलिना हसता हसता रडली.

पुढच्या ऑगस्टात डास नुसते फोडून काढत होते. घामानं निथळणारा गाव्रिल रॉकेलचं पिंप लोटत गोदामाच्या दारात आला.

"एवढ्या उकाड्यात कुठं निघालास रे?"

"आत्ता कुठं? जानेवारीत," तो म्हणाला. "नातवंड यायचंय, ताई. आत्ताच मिसळून दे."