वाकडे लाडू

समोरच्या मृणालने डबा दिला. आत खजुराचे आणि दाण्याच्या कुटाचे लाडू. ती दूध-तूप खात नाही आणि नोकरीमुळे तिला सवडही नसते, म्हणून गॅस न पेटवता केलेले. एकही धड गोल नव्हता, तरी आमच्या जुईने उभ्या उभ्या निम्मा डबा संपवला. माझे बेसनाचे लाडू शेजारीच होते. खांदा भरून येईस्तोवर भाजलेले, एकसारखे गोल. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही.

आमच्या खिडकीतून मृणालचं घर दिसतं. काल ऑफिसातून आल्या आल्या तिने मिक्सर फिरवला, परात खाली ठेवली आणि नवऱ्यासकट दोन्ही मुलं लाडू वळायला बसली. हसणं इकडे ऐकू येत होतं. मी खिडकी लावून घेतली.

माझ्या कढईजवळ जुई आली की मी ओरडते, "लांब हो, चटका बसेल!" वळतानाही तिचा हात बाजूला सारते. आकार बिघडतो ना.

संध्याकाळपर्यंत डबा संपत आला. शेवटच्या लाडवावर इवल्याशा अंगठ्याचा ठसा होता. तो मला फार खुपला. माझ्या लाडवांवर असा ठसा कधी उमटलाच नाही.

शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, आणि माझं तूप तिला चालत नाही. मी खजुराच्या बिया काढल्या, कूट मिसळलं आणि हाक मारली, "जुई, हात धुऊन ये."

"मी वळू?"

"वळ. पण त्यांच्यापेक्षा वाकडे झाले पाहिजेत."