मशीनच्या डोक्यावरचा नारळ

माझा स्वभाव तापट. आमच्याकडे उमरोळीला दूध उतू जायला लागलं की आई गॅस बंद करता करता माझंच नाव घेते. अशा मुलीला बोईसरच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली ती नेमकी लॅबमध्ये, आणि काम मिळालं ते माझ्याहून नखरेल मशीनवर.

त्या मशीनचं काम थोडक्यात सांगते. गोळीत औषध किती आणि नको ते किती, हे ते शोधून देतं. मिथेनॉल आणि पाण्याचं द्रावण बाटलीतून बारीक नळीने पंपात येतं, पंप ते प्रचंड दाबाने पुढे रेटतो आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर आलेख उमटतो. सगळं सुरळीत असलं की दाबाचा आकडा शहाण्यासारखा एका जागी बसतो. पण मोहरीएवढा हवेचा बुडबुडा पंपात शिरला की झालंच कल्याण. द्रावण दाबलं तर पुढे सरकतं, हवा दाबली तर जागच्या जागी आक्रसते. पंप बिचारा हवाच दाबत राहतो, आकडा वरखाली नाचतो आणि आलेखाला कापरं भरतं. नव्या मशिनांना द्रावणातली हवा काढायची सोय आतच असते. आमचं मशीन जुनं, त्यामुळे ते काम आमचं. द्रावण गाळायचं, बाटली सोनिकेटरच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी थरथरणाऱ्या पाण्याच्या टबात ठेवून हवा सुटू द्यायची, मग पंपाची चावी सैल करून सिरिंजने उरलेसुरले बुडबुडे ओढायचे. मला हे काम फार आवडायचं. सिरिंजमध्ये टपोरा बुडबुडा आला की काटा निघाल्यासारखं बरं वाटायचं.

माझी नोकरी मात्र सहा महिन्यांच्या बोलीवर होती. लॅबमध्ये जागा एकच. सहा महिने संपताना मी एकटीने मशीन चालवायचं, एकच नमुना सहा वेळा सोडायचा आणि सहाही उत्तरं जुळायला हवीत, असं आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. सर म्हणजे लॅबचे प्रमुख, मूळचे साताऱ्याकडचे. ते मोजून बोलायचे आणि त्याहून मोजून हसायचे. उत्तरं जुळली नाहीत तर मला पॅकिंगला पाठवणार होते. पॅकिंगच्या बायका चांगल्या होत्या, मजेत असायच्या, पण माझा जीव त्या नखरेल मशीनवर जडला होता, त्याला काय करणार? माझ्या परीक्षेचा दिवस ठरला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

त्याआधी आली खंडेनवमी. कारखान्यातल्या सगळ्या मशिनांची पूजा व्हायची, तशी आमच्या लॅबचीही. सरांची अट एकच, फुलं बाहेरून घाला, आत एक पाकळी दिसता कामा नये. सजावट माझ्याकडे होती. मी शिरगावहून पहाटे आणलेल्या झेंडूचा जाडजूड हार केला, दाराला तोरण लावलं. मग प्रश्न आला नारळाचा. नारळ मशीनच्या डोक्यावरच शोभणार, पण तिथे द्रावणाच्या बाटल्यांचा ट्रे. मग काय, बाटल्या उचलून टेबलाखालच्या स्टुलावर ठेवल्या. नळी वरच्या हुकात अडकवलेली होती, ती तशीच राहू दिली. लांब होती, आरामात पुरली. वरून हार असा सोडला की ती दिसेनाशी झाली. सरांनी कुंकू लावलं, हात जोडले, नारळाकडे बघितलं आणि छान मांडलंय म्हणाले. सहा महिन्यांतली ती माझी पहिली शाबासकी. मी दसराभर हवेत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ उतरवून कपाटात ठेवला. हार अजून टवटवीत होता, तो काढायला मन होईना. म्हटलं, राहू दे, परीक्षेला शुभ. पंप सुरू केला आणि आकडा नाचायला लागला.

चावी सैल केली, सिरिंजने बुडबुडा ओढला. आकडा दोन मिनिटं बसला आणि पुन्हा नाचला. द्रावण परत गाळलं, बाटली परत टबात ठेवली आणि नेऊन ठेवली ती पुन्हा स्टुलावरच. तेच. पंपाचा व्हॉल्व्ह उघडून धुतला. तेच! अकरा वाजले. सर येऊन नाचता आकडा पाहून गेले. मला डोळ्यांसमोर खोक्यांवर पट्ट्या चिकटवणारी मी दिसायला लागले.

सिंकपाशी मावशी काचेची भांडी धूत होत्या. त्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून यायच्या, पावसावर होणारी थोडी भातशेती सांभाळून. लॅबमध्ये त्या माझ्याआधी कित्येक वर्षं होत्या. त्यांच्या हातून बीकरवर बीकर वाजला आणि मी त्यांच्यावरच खेकसले, जरा हळू धुवा म्हणून. त्यांनी नळ बंद केला. हात पुसत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि मशीनकडे, मग टेबलाखाली, मग पुन्हा वर बघत राहिल्या. मला आणखीच राग आला.

मग म्हणाल्या, "बाय, तुझ्या नळीला कुबड हाय. हवा तितंच बसलीय."

त्यांच्या पाड्यावर झऱ्याचं पाणी काळ्या पाइपाने परसातल्या भाजीपर्यंत आणलंय. मधे खडक आहे. पाइप खडकावर चढला की वरच्या वळणात हवा साठते, पाणी अडतं, आणि घरातले पुरुष झऱ्याशी जाऊन शोध घेत बसतात. मावशी सरळ खडकाशी जातात आणि पाइप खाली उतरवतात. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणावं? हे मशीन आहे मावशी, तुमचा ओहोळ नाही, असं म्हटलं मी. आज आठवलं तरी कान लाल होतात.

बोलून झाल्यावर हार उचलून बघितला. नळी स्टुलावरून निघून पार मशीनच्या डोक्यावर चढत होती आणि तिथून पंपाकडे उतरत होती. वरच्या वळणात हवेचा बोटभर तुकडा आरामात पहुडला होता. पंप द्रावण वर ओढून दमत होता, आणि मी एक बुडबुडा काढला की या साठ्यातून दुसरा उतरत होता. ही करणी कोणाची? माझीच. नारळासाठी मीच केलेली.

हार काढला. नळी हुकातून सोडवली, बाटल्या वर ट्रेमध्ये नेल्या, चावी सैल करून सिरिंज ओढली. तीन टपोरे बुडबुडे आले आणि मग नुसतं द्रावण. चावी घट्ट केली. आकडा चढला, एकदा हलला आणि बसला. मी मावशींना ओल्या हातमोज्यांसकट मिठी मारली. मघाच्या बोलण्याची माफीही मागितली. त्या म्हणाल्या, सोड, बीकर खरंच वाजला होता.

चार वाजेपर्यंत सहाही उत्तरं जुळली. आता राहिली नोंदवही. आमच्याकडे मशीन अडलं की वहीत कारण लिहावंच लागतं. व्हॉल्व्ह मी उघडून धुतला होताच, तो अडकला होता असं लिहिलं असतं तर कोणाला कळलं असतं? पेन तिथे थोडा वेळ थांबलं, खोटं कशाला सांगू. पण मग त्यात मावशींचं नाव कुठे येणार? मी खरं तेच लिहिलं. पूजेसाठी बाटल्या मी खाली घेतल्या, नळीत हवा साठली, मावशींनी दाखवून दिलं. सर आले तेव्हा तोंडानेही सांगितलं.

सरांनी सहाही आलेख पाहिले, वही दोनदा वाचली आणि सही केली. दारापाशी जाऊन वळले.

"पुढच्या वर्षी नारळ खाली ठेवा. बाटल्या वरच राहू देत. आणि हार घालायच्या आधी मावशींना दाखवा."

ते गेले आणि माझा तोल गेला. मावशींजवळ मी तणतणायला लागले. पास की नापास ते सांगितलं नाही, वर नारळावरून बोलणी. छान मांडलंय म्हणून नवमीला कोण म्हणालं होतं? मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं बोलले नं ते?"

मी मटकन खुर्चीत बसले. मग हसू फुटलं ते थांबेना, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. लॅबमध्ये खायला बंदी, म्हणून नारळ बाहेर नेऊन पायरीवर फोडला. मोठी वाटी मावशींची. सर जाता जाता थांबले, एक तुकडा उचलला, चावला आणि गोड आहे म्हणाले. दुसरी शाबासकी.