दम घ्यायची जागा

आनंदातात्यांचा फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये एका मुलीची गिटार सुरात लावून देत होते. "गिटारबाई, आबा गेलं," ते म्हणाले. "सकाळी च्या घेतला, साखर कमी हाय म्हणून सुनंला बोललं, आन् खुर्चीतच..." ते आणखी काही सांगतील म्हणून मी थांबले होते आणि मग लक्षात आलं, तेही थांबलेत. आनंदातात्यांनी उभा जन्म शाहीर सर्जेराव आबांच्या मागं उभं राहून झील धरली. पोवाड्यात शाहिरानं ओळ टाकायची आणि मागच्यानं 'जी जी रं जी' म्हणत ती उचलून धरायची, अशी त्या दोघांची वाटणी. आधी आबा, मग तात्या. ही एक बातमी तेवढी आधी तात्यांनी सांगायची वेळ आली होती.

या गोष्टीला आता दोनेक महिने होतील. आबांवर लिहायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली, की लेखात रडारड करायची नाही. त्यांना ती आवडायची नाही. पोवाड्यात एखादा दुःखाचा प्रसंग आला की मी गिटारवर हळवे स्वर काढायची, आणि ते डफावर नख मारून म्हणायचे, "एवढं पाणी नगं घालूस पोरी, रस्सा पातळ हुतोय." भरलं आयुष्य जगून, मनासारखं गाऊन, चहाला नावं ठेवत माणूस गेला. मला त्यांची आठवण आली की बहुतेक वेळा हसूच येतं.

आम्ही एकत्र आलो ते काही वर्षांपूर्वी, कोल्हापुरातल्या हौशी मंडळींच्या डोक्यातून निघालेल्या कार्यक्रमामुळं. आबा आमच्याच पेठेतले. गिरिजाक्का नेसरीकडची, तिथल्या बायकांच्या भजनी मंडळाची म्होरकी. घरचं किराण्याचं दुकान सांभाळून मराठी-कानडी दोन्ही भाषांत पहाडी आवाजात गाणारी. मला ती 'तंगी' म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. इम्रान इचलकरंजीचा. दिवसा यंत्रमाग आणि लग्नसराईत बँजो पार्टी, त्याच्या ड्रमशिवाय त्या भागात वरात हलत नाही. आणि चौथी मी, कॉलेजापासून स्वतःचा बँड चालवणारी, गिटार गळ्यात घालून मधोमध उभं राहायची सवय लागलेली. ग्रुपचं नाव 'चौघं' ठेवलं. कुणीतरी आमच्याबद्दल 'कोल्हापूरचा फोक-रॉक सुपरग्रुप' असं छापून आणलं तेव्हा आबांनी मला कात्रण दाखवून विचारलं, "सुपरग्रुप म्हंजे काय गं?" मी सांगितलं, वेगवेगळ्या ग्रुपमधली म्होरकी माणसं एकत्र येऊन नवा ग्रुप करतात त्याला तसं म्हणतात. आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "म्हंजे म्होरं उभारणारीच समदी. मग मागं कोण?" आम्ही सगळे हसलो. आबा हसले नव्हते.

कारण त्यांना ठाऊक होतं मागं कोण नाही ते. पोस्टरवर चारच चेहरे घ्यायचे असं ठरलेलं आणि आनंदातात्यांना आबांनी सांगितलेलं, "हे पोराटोरांचं हाय, हौसेचं. तू ऱ्हाऊ दे." वाक्य साधं होतं, पण ज्यानं एवढी वर्षं साथ दिली त्याला ते कसं लागलं असेल याचा विचार आबांनी केला नाही... निदान तेव्हा तरी. दुसऱ्या दिवशी तात्या आले, झीलकऱ्याचं तुणतुणं आबांच्या दाराच्या खिळ्याला अडकवलं आणि चहा न घेता गेले. आबा आम्हाला म्हणाले, "येतंय की. जातंय कुठं?" पण तात्या काही आले नाहीत. तात्यांची पिठाची गिरणी आबांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आता अबोला झाल्यावर तिथं दळण कसं न्यायचं? आबांच्या घरचा जोंधळ्याचा डबा लांबच्या गिरणीत जायला लागला. मग तालमीला आले की आबा भाकरीची तक्रार घेऊन बसायचे. भाकरी चिरते, पापुद्रा येत नाही, दात राहिले नाहीत तर हे असलं पीठ. गिरिजाक्का म्हणाली, "आबा, पीठ चांगलंच असतंय हो. तुमाला त्या गिरणीचा आवाज पायजे." गिरिजाक्काला गप्प करता येत नाही म्हटल्यावर आबा इम्रानकडं वळायचे. "तू ते वाजवतोस का कुणाला मारतोस रं?" इम्रान शांतपणे म्हणायचा, "आबा, वरातीत मारल्याबिगर ऐकायला येत न्हाय."

अल्बम करायचा ठरला आणि आम्ही स्टुडिओत गेलो. आबांचा आवाज तोवर कुणी धड रेकॉर्ड केलेलाच नव्हता. एवढं गाऊन मागं काही उरलेलं नाही ही गोष्ट ते कधी बोलले नाहीत, पण त्या दिवशी इस्त्रीचा सदरा आणि नवा फेटा घालून आले होते. आमचा ध्वनिमुद्रक नितीन गुणी पोरगा. त्यानं आबांना काचेच्या खोलीत उभं केलं, कानांवर हेडफोन चढवले. आबांनी पुरात म्हशी वाचवणाऱ्या बाईचा पोवाडा सुरू केला. तो त्यांनी स्वतः रचलेला. पाणी चढतंय आणि एक बाई गळ्याएवढ्या पाण्यात गोठ्यागोठ्यातली दावी सोडत जातेय, अशी ती कथा. पहिला चौक, म्हणजे पहिलं कडवं, संपला, आबांनी ओळ टाकली, आणि थांबले. काचेतून ते आमच्याकडं बघत राहिले. मग हेडफोन काढून बाहेर आले. "आतनं कुणीच जी म्हणंना." नितीननं समजावलं, झील नंतर वेगळी घेऊ, वर जोडू. आबा म्हणाले, "म्हंजे मी आज हाक मारायची आन् त्यानं फुडल्या आठवड्यात ओ म्हणायचं?"

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, दोनदा केला. प्रत्येक वेळी त्याच जागी आवाज बसायचा. मग आम्ही तिघांनी झील धरून पाहिली. इम्रान हसू दाबत म्हणायचा. गिरिजाक्काची 'जी जी' भजनाच्या चालीवर लांबत जायची. माझ्याबद्दल आबा म्हणाले, "तुझं जी म्हंजे दारात उभारून 'आत येऊ का' इचारल्यागत हाय." खरंच होतं ते. आम्ही तिघंही पुढं उभं राहणारी माणसं. दुसऱ्याची ओळ पडायच्या आत उचलायची आणि स्वतःचा आवाज त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे आमच्या अंगातच नव्हतं. शेवटी नितीननंच सुचवलं, आपण लाइव्ह करू. लोक समोर असले की आबा खुलतील, झीलेचं तुम्ही तिघं मिळून कसंतरी निभावाल. आबा "बघूया" म्हणाले. पण मला त्यांची भीती दिसत होती. आपलं गाणं आता आपल्यालाच येत नाही, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

रेकॉर्डिंग आमच्या पेठेतल्या तालमीच्या पटांगणात, एका रविवारी संध्याकाळी झालं. नितीननं लोकांचा आवाज टिपायला मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ एक माइक लावला होता. प्रेक्षकांना त्यानं हात जोडून सांगितलं, गाणं चालू असताना कुणी आवाज करू नका, टाळ्या शेवटी. आता प्रेक्षक म्हणजे कोण? नेसरीहून टेम्पो करून गिरिजाक्काचं अख्खं भजनी मंडळ आलेलं. पहिली पाळी संपवून इम्रानची बँजो पार्टी आलेली. 'चौघां'त ज्यांना जागा मिळाली नव्हती ती सगळी मागची माणसं समोर येऊन बसली होती. पहिली दोन गाणी त्यांनी इतक्या शिस्तीत ऐकली, की कुणाच्या मयताला आल्यासारखं वाटत होतं. तिसरा आबांचा पोवाडा.

आबांनी डफ उचलला. चौक म्हटला, ओळ टाकली, आणि थांबले. आम्ही तिघं माइककडं सरकलो, पण आमच्या तोंडून काही निघायच्या आत टाकीजवळून 'जी जी रं जी' आली. चढी, घट्ट, नेमक्या क्षणाला. आनंदातात्या टाकीला टेकून उभे होते. ते फक्त बघायला आले होते, नंतर मला म्हणाले, "कसं पडतंय ते बघाय आलतो, खोटं कशाला बोलू? पण आबांनी वळ टाकली आन् तोंडातनं गेलं की वो. मी म्हटलंच न्हाय ते." तात्यांनी तोंडावर हात ठेवला होता. पण बांध फुटला होता. नेसरीच्या बायकांना ध्रुवपद ऐकून गप्प बसायची सवय नाही. त्यांनी टाळ्या धरत ते आपल्या संथ चालीत उचललं. बँजो पार्टीची पोरं खुर्च्यांच्या पाठी बडवायला लागली, ती वरातीच्या लयीत. एका पोवाड्याच्या तीन लयी झाल्या. नितीन दोन्ही हात हलवून सगळ्यांना गप्प करत होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. मी गिटार कुणाच्या लयीत धरावी म्हणून आबांकडं पाहिलं, तर आबा माइकवर नव्हतेच. ते मंचाच्या टोकाला गेले होते आणि टाकीकडं तोंड करून, नुसत्या गळ्यानं, पुढचा चौक गात होते. तात्यांनी तोंडावरचा हात काढला. माणसं हळूहळू आपोआप त्या दोघांच्या लयीत आली. आबांना तसं गाताना मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या सुनेच्या हाती जोंधळ्याचा डबा जुन्या गिरणीत गेला. दोघांत समेट झाला तो एवढाच. कुणी कुणाला काही बोललं नाही.

पण अल्बममध्ये एक अडचण होती. नितीननं मला आणि आबांना बोलावून पोवाडा ऐकवला. आबा माइक सोडून गेल्यामुळं त्यांचा सगळ्यात चांगला चौक लांबून, विहिरीतून आल्यासारखा ऐकू येत होता. आणि टाकीजवळच्या माइकमुळं तात्यांची झील मात्र भरभक्कम. "आबा, तुमचाच आवाज न्हाय यात," नितीन म्हणाला. "तेवढा चौक परत गाऊन द्या, मी बसवतो." मला वाटलं आबा लगेच उठतील. आयुष्यातला हा एकच अल्बम, आणि त्यात शाहीरच मागं. आबांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "असू दे असंच. माझा आवाज मला ठावं हाय. आनंदाचा मी आज ऐकला." मी म्हटलं, "काहीतरीच काय आबा, एवढी वर्षं..." त्यावर ते म्हणाले, "तो कायम माझ्या पाठीमागं. आन् तो म्हणतोय तवा मी दम घेत असतो गं. फुडची वळ डोस्क्यात असती. कवा ऐकणार? एवढा गोड गळा हाय त्याचा, मला कुणी सांगितलं बी न्हाय." बाहेर पडताना त्यांनी मला बजावलं, "त्याला सांगू नगंस. लाजंल आन् उद्या तोंड उघडायचा न्हाय." मी कबूल केलं. अल्बम तसाच आला. लांबलांबच्या माणसांनी ऐकला, काहींनी आवाज बरोबर नाही म्हणून कळवलं, बऱ्याच जणांना त्या पोवाड्यात पटांगणात बसल्यासारखं वाटलं. आबांनी शेवटपर्यंत एक अक्षर बदलू दिलं नाही आणि पुढचे सगळे कार्यक्रम आम्ही पाच जणांनी केले. पोस्टरवर मात्र नाव 'चौघं'च राहिलं, कारण तात्यांनी फोटो काढून घ्यायला साफ नकार दिला.

गेल्या आठवड्यात मी दळण घेऊन तात्यांच्या गिरणीत गेले. मोटर बंद होती, जातं निवत होतं. पीठ बसलेल्या फळीवर फोन ठेवून तात्या तोच पोवाडा ऐकत होते. त्यांचा अंगठा फोनच्या आवाजाच्या बटणावर. आबांचा चौक आला की आवाज वाढवायचे, स्वतःची झील आली की कमी करायचे. परत आबा, परत वाढवायचे. हात इतका सरावलेला, की रोजचं असणार हे उघड होतं.

"कमी का करता?" मी विचारलं.

"माझं काय ऐकायचं त्यात?" ते म्हणाले. "आबांची एकच रेकॉर्ड, ती बी माझ्यामुळं नासली. जलमभर गप मागं उभारलो आन् त्या दिशी आवरलं न्हाय मला. आबा कवा बोललं न्हाईत, पण मला समजत न्हाय व्हय?"

इतकी वर्षं हा माणूस हे मनात घेऊन गिरणी चालवत होता, आणि मला वाटत होतं दोघांचं कधीतरी बोलणं झालं असेल. आबांना दिलेला शब्द मी तिथंच मोडला. स्टुडिओत आबा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं, तुकडा परत परत लावायला सांगितला होता तेही. तात्या ऐकत राहिले. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया, त्यामुळं चेहऱ्यावर काय चाललंय ते नीट कळेना. बराच वेळ त्यांनी डब्याचं झाकण पुसलं. मग पोवाडा पहिल्यापासून लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आबांचा चौक लांबून आला, संपला, आणि झील आली तशी सगळी गिरणी भरून गेली. तेवढ्यात गव्हाचा डबा घेऊन एक बाई पायरी चढल्या. नव्या राहायला आलेल्या असाव्यात. त्यांनी डबा टेकवला, जरा ऐकलं आणि विचारलं, "कुणाचा वो ह्यो आवाज?"

"माझा," तात्या म्हणाले. "आबा जरा दम घ्यायला लागल्यात."