चॉकलेटचं वाण

"चॉकलेट वाण होऊच शकत नाई!" मी म्हटलं.

"काऊन नाई होत? हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलं की ते वाणच!" मालतीबाई ताट छातीशी धरून म्हणाल्या.

मालतीबाई म्हणजे नाचणगावच्या आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्याच घरी बैठकीच्या खोलीत सारं मंडळ सतरंजीवर बसलेलं, आणि दाराशी सुशीला. तिचा नवरा गेल्या पावसाळ्यात गेला. चॉकलेटचं ताट तिच्या समोरून न थांबता पुढे गेलं होतं. वाण सवाष्णीचं, विधवेला द्यायचं नाही म्हणे! पोरगी पदराचं टोक पिळत खाली मान घालून बसली, आणि मी उभी राहिले.

भांडण कसं मिटलं ते सांगते. पण आधी आमच्या मंडळाचं आणि चॉकलेटचं नातं समजून घ्या. मंडळात काम कमी, किस्से फार. रद्दीसारखे साचत जातात. रद्दी निदान विकता तरी येते!

*

दोन हजार सालाच्या आगेमागे मालतीबाईंची मुलगी नागपूरच्या कॉलेजातून घरी आली आणि येताना 'चॉकलेट डे' घेऊन आली. फेब्रुवारीतला सण. अध्यक्षांनी लगेच फर्मान काढलं, "रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतेच. दोन्ही एकाच दिवशी उरकून टाकू!"

एका वर्षी रथसप्तमी आधीच होऊन गेली. आता?

"चालते वो! सूर्यदेव काई मनावर नाई घेत!"

नियम मोडायचा असला की अध्यक्षांचे देव फार मोठ्या मनाचे असतात.

*

पहिल्याच वर्षी अध्यक्षांनी 'चॉकलेटचे महत्त्व' या विषयावर भाषण ठोकलं. चॉकलेटच्या वड्यांचं ताट शोभा यावी म्हणून समईला खेटून ठेवलं होतं. भाषण लांबलं. "चॉकलेटनं मन घट्ट होते," या वाक्यापर्यंत ताटात नुसता रस्सा!

टाकून कसं द्यायचं? मालतीबाईंनी देवघरातली पळी आणली आणि वाटायला सुरुवात केली. आता पळी दिसली की आमच्या बायांचा हात आपोआप पुढे होतो. एकेकीनं तळहातावर घेतलं, डोळे मिटून प्यायलं, आणि ओला हात सवयीनं डोक्यावरून फिरवला!

त्या दिवशी नाचणगावात एकाही बाईचा केस पांढरा नव्हता.

*

पुढच्या साली चॉकलेट डे नेमका चतुर्थीला आला. उपासाला चॉकलेट चालते का, यावर तासभर परिषद भरली. शेवटी शेजारच्या विमलनं निकाल दिला.

"दूध चालते न? साखर चालते न? मंग?"

"अन् कोको?"

"ते झाडाले लागते न? मंग फळच झालं!"

तेव्हापासून आमच्या गल्लीत एकादशीला केळी खपत नाहीत.

*

याच विमलनं घरी जाऊन नवऱ्याच्या हातात चॉकलेट ठेवलं आणि 'हॅपी चॉकलेट डे' म्हणाली. तो माणूस खाटेवरून उठूनच बसला.

"काय फुटलं घरात?"

"काई नाई जी."

"मंग तुहा भाऊ येऊन राह्यला का? सांग, किती दिवस?"

प्रेम कसं असतं ते आमच्या गल्लीत येऊन पाहावं!

*

मग स्पर्धा झाली. घरी बनवलेलं चॉकलेट. पहिला नंबर अध्यक्षांचा, आणि परीक्षकही त्याच! पण खोटं कशाला बोलू, वडी अप्रतिम होती.

"कसं केलं वो?" सुशीलानं विचारलं. तेव्हा ती सवाष्ण होती, पहिल्या रांगेत बसायची.

"सोपं आहे. आधी गॅस लावाचा..." आणि मालतीबाईंनी सैपाकघराकडे पाहिलं. "मंग पुढचं करत राहाचं."

सैपाकघराच्या उंबऱ्यावर त्यांच्या सासूबाई, गिरजाबाई, मटार सोलत होत्या. म्हातारा गेला तेव्हापासून त्यांनी बैठकीत पाऊल टाकलं नाही, आणि सून आली तेव्हापासून सुनेनं चुलीपाशी. फार समजूतदार घर!

*

तर भांडण.

"आधी हे तीर्थ होतं, मंग फळ झालं, आता वाण झालं?" मी म्हटलं. "उद्या याची आरती करजो! अन् मीही विधवाच आहे. मी तर दरवर्षी घेतो!"

"तुमची गोष्ट येगळी, काकू. तुम्ही ऐकतच नाई!"

"मंग जे ऐकते तिलेच नाई द्याचं का?"

कोणी हसलं. त्यानं मालतीबाई जास्तच पेटल्या.

"हसा! पण मी सांगून ठेवतो, विधवेचा हात लागला की ते शुभ राहत नाई! माह्या घरात हे मी चालू देणार नाई!"

विमल सतरंजीचा दोरा उपटायला लागली. सुशीला उठली आणि दाराबाहेर आपल्या चपला शोधायला लागली.

तेवढ्यात सैपाकघराच्या उंबऱ्यावरून, हातातले मटार खाली न ठेवता, गिरजाबाई म्हणाल्या,

"सूनबाई, मंग उद्यापासून सैपाक तूच करजो."