एकाच नावाच्या दोघी

माझा लिहिण्याचा विषय खून. मला सांगायला त्याची लाज वाटत नाही, पण लग्नकार्यात कुणी चौकशी केली की नवरा घाईने पुढे होतो आणि सांगतो, "ती इतिहासावर लिहिते." तसं ते खोटंही नाही. मी जुन्याच खुनांवर लिहिते. ज्या खटल्यातले आरोपी, वकील, जमादार आणि न्यायाधीश सगळे वर गेलेत आणि माझ्यावर दावा लावायला कुणी उरलेलं नाही, असा खटला मला आवडतो. कर्जतला एका वकिलांकडे मी वीसेक वर्षं टायपिंग केलं, त्यामुळे पंचनाम्याची भाषा मला पेपरातल्या मराठीपेक्षा लवकर कळते. बाकीच्या बायका ज्या वयात भजनी मंडळात नाव घालतात, त्या वयात मी दिवाळी अंकांत खून लिहायला लागले.

मग एक अख्खं पुस्तकच झालं, आमच्या भागातल्या एका माणसावर. हा माणूस डोंगराकडच्या वाड्यांवर फिरून हिरडा, डिंक, मध असला माल विकत घ्यायचा आणि बाजारातून एकट्या परतणाऱ्या बायकांना मारायचा. त्याला पन्नास-पंचावन्न वर्षं झाली. खालापूरच्या बाजूला तो पकडला गेला आणि पुढे फाशी गेला. कर्जत-खालापुरातल्या दोन पिढ्यांना त्याचं नाव सांगून जेवायला बसवलेलं आहे, मीही त्यातलीच. माझ्या वकीलसाहेबांच्या वडिलांनी त्याचा बचाव केला होता. माळ्यावर कागदांचं गाठोडं निघालं तेव्हा वाळवीच्या आधी मी हात घातला आणि सगळ्याची झेरॉक्स काढून घेतली.

पुण्याचे प्रकाशक फोन करून एकच विचारायचे, "तो लहानपणी कसा होता?" लोकांना ते वाचायचं असतं म्हणे. मी दिलं. त्याची आई, त्याची शाळा, चहात किती साखर घ्यायचा, तुरुंगात शेवटच्या आठवड्यात कुणाशी बोलला, सगळं जमवलं. त्याच्या बालपणाला चाळीस पानं गेली आणि मेलेल्या बायकांना प्रत्येकी अर्धं पान आलं. कागदातच त्यांच्याबद्दल काही नाही, तर मी काय करू, असं मी स्वतःला सांगितलं. वाडीवर जाऊन विचारायला कशेळ्यापर्यंत जीप आणि पुढे थोडी पायपीट, एवढंच लागलं असतं. मी गेले नाही. गुडघे दुखतात, हे कारण होतं. तेच गुडघे रोज सकाळी दहिवलीच्या पुलापर्यंत जाऊन येतात, तेव्हा कुरकुरत नाहीत.

मुखपृष्ठावर त्याचा चेहरा आणि खाली बायकांचा आकडा ठळक अक्षरांत. पुस्तक खपलं. शेलूच्या एका नव्या सोसायटीत माझं भाषण ठेवलं होतं. भाषणानंतर एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं, "मॅडम, आमच्या प्लॉटवर तर काही झालं नव्हतं ना?" दुसऱ्या बाईंना त्याने शेवटचं काय खाल्लं ते हवं होतं. मेलेल्यांपैकी एकीबद्दलही कुणी विचारलं नाही. मला ते खटकलं, असं आता लिहिता येईल, पण खटकलं नव्हतं. मला मजा येत होती. शाल-नारळ घेऊन मी घरी आले आणि नारळाची चटणी केली.

त्या हिवाळ्यात एका सकाळी दोन बायका दारात उभ्या राहिल्या. एक साठीच्या आसपासची, काटक, अनवाणी. दुसरी तिची सून, अंगणवाडीत मदतनीस होती. कशेळ्याच्या पलीकडच्या एका वाडीवरून जीप बदलत आल्या होत्या. खुर्ची दिली तरी म्हातारी दाराशी जमिनीवरच बसली आणि पिशवीतून करांदे, रानातले कंद, काढून माझ्यापुढे ठेवले.

"मॅडम, तुमचं पुस्तक मी वाडीवर वाचून दाखवलं," सून म्हणाली. "सासूबाईंना एक विचारायचंय."

"तूच लिवलंस ना?" म्हातारी म्हणाली. तिच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच, आणि मला तेच बरं वाटलं.

"हो."

"माज्या आयचं नाव हाय त्याच्यात."

तिने नाव सांगितलं. मी म्हटलं, हो, झऱ्याजवळ सापडली ती. मी हळहळ दाखवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मान हलवली.

"झऱ्यावरची माजी आय नाय. ती दुसरी. तिला तिच्या भावानं वळखली, तिचं समदं वाडीनं केलं. माजी आय तिच्यानंतर म्हयन्यानं बाजाराला गेली, ती आलीच नाय."

इथे एक सांगायला हवं. त्या वाडीवर तेव्हा पोर ज्या वारी जन्मेल त्या वाराचंच नाव ठेवायची रीत होती. वार सात आणि बायका पन्नास, म्हणजे एकेका नावाच्या सात-आठ जणी. वाडीतल्या वाडीत काही अडत नसे, कारण हाक मारताना वरच्या घरची, खालच्या घरची, लंगड्याची असं काहीतरी पुढे लागायचंच. कागदावर मात्र नुसतं नाव, वाडी आणि अंदाजे वय.

तिची आई परत आली नाही तेव्हा वाडीने दोन दिवस रान धुंडाळलं. मग कुणीतरी म्हणालं की वीटभट्टीच्या मुकादमाशी ती बोलताना दिसली होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याच आठवड्यात मुकादमही भट्टी सोडून गेला होता, त्यामुळे सगळ्यांचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. बाई पळाली. बापाने दुसरी केली. ही तेव्हा पाच-सहा वर्षांची, तिला 'पळपुटीची पोर' हे नाव पडलं ते कायमचं. लग्न झाल्यावर सासूने कित्येक वर्षं तिला एकटीला बाजारात पाठवलं नाही.

"आयवर गेली तर, म्हनून," ती म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"मग आता पुस्तकात काय सापडलं?" मी विचारलं.

सुनेने पिशवीतून माझं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. आरोपीने आपल्या कबुलीत या स्त्रीचा उल्लेख दोनदा केला आहे, असं मी लिहिलं होतं. त्याच्यापुढे अर्धं पान माझं स्वतःचं पांडित्य, की अशा माणसांची स्मृती कशी एकाच कृत्याभोवती फिरत राहते वगैरे. प्रकाशकांना तो परिच्छेद फार आवडला होता. खरं सांगायचं तर मलाही.

"हितंच मी हिला थांबवली," म्हातारी म्हणाली. "म्हनलं, दोनदा? दोनदा का म्हनून? त्याला ठावं व्हतं आमच्यात त्या नावाच्या किती जनी ते. तो सगळ्यांचा माल घ्यायचा." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "माजी आय गेली का मेली, त्येवढं सांग. बाकी काय नको."

मला राग आला. आपली चूक दुसऱ्याने दाखवली की पहिल्यांदा येतो तो राग. ही कोण मला विचारणारी, असंही मनात येऊन गेलं. मी चहा केला, कागद पाहावे लागतील म्हटलं, सुनेचा फोन नंबर घेतला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले.

दुपारी जेवण सोडून मी सगळी झेरॉक्स पलंगावर पसरली. नवऱ्याने खिचडी टाकली आणि ताट बाजूला आणून ठेवलं. एकाच नावाचे दोन पंचनामे होते. दुसऱ्याच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'दुबार प्रत' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझं. तारखांत काही महिन्यांचा फरक होता, तो मी कारकुनाच्या माथी मारला होता. जागा वेगळी होती. पहिला झऱ्याजवळचा, दुसरा घाटाखालच्या कोरड्या ओढ्यातला, आरोपीने स्वतः दाखवलेल्या जागेवरचा, पकडला गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी केलेला. तेव्हा ओळखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, नाव त्यानेच सांगितलेलं. ही बाई बाजारातून येत होती आणि तिला घरी जायची घाई होती, असं त्याने कबुलीत सांगितलेलं होतं. तेही मी वाचून सोडून दिलं होतं.

त्या पंचनाम्याला जोडलेल्या जबाबात शेवटी जमादाराने लिहिलं होतं: 'वाडीवर जाऊन चौकशी केली असता सदर नावाची स्त्री यापूर्वीच मयत झाली असून तिचा अंत्यविधी झाल्याचे समजले.'

हेच वाक्य वाचून मी दुबार प्रत ठरवली होती. आता ते वाचताना मला वाडीचं अंगण दिसायला लागलं. जमादाराने विचारलं असणार, अमुक नावाची बाई कुठे आहे? आणि वाडीने खरं तेच सांगितलं असणार, की ती मेली, तिचं सगळं आटोपलं. पळालेल्या बाईचा विषय खाकी कपड्यापुढे कोण काढतो? विचारणाऱ्याने सरळ विचारलं, सांगणाऱ्यांनी सरळ सांगितलं, आणि एक मेलेली बाई दोघांच्या मधून गळून गेली. आरोपपत्रात ती आली नाही. पन्नास वर्षांनी ते कागद माझ्या हातात आले आणि मी तिला लाल पेन्सिलीने पुन्हा एकदा गाळलं. जमादाराला निदान डोंगर चढावा लागला होता. मी पंख्याखाली बसून केलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

प्रकाशकांना फोन केला. चूक झाली म्हटलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आकडा एकाने वाढला की! नव्या आवृत्तीला चांगलंच आहे." मी त्यांना काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

दोन दिवसांनी नवऱ्याच्या स्कूटरवरून आणि शेवटचा तुकडा चालत वाडीवर गेलो. आधी फोनवर सुनेला सांगितलं होतं की सासूबाईंना घरात एकट्यांना भेटेन. पोचलो तर अंगणात चटया टाकलेल्या आणि पंचवीस-तीस माणसं बसलेली. मधोमध एका बाजेवर ऐंशीच्या पुढचा एक म्हातारा. तिच्या बापाचा चुलतभाऊ, म्हणजे तिचा चुलता.

"एकटीला कशाला?" ती म्हणाली. "मला एकटीला गाठून नव्हते बोलले समदे. समद्यांसमोर वाच."

मी आधी दोन्ही पंचनाम्यांची गोष्ट साध्या भाषेत सांगितली. तिची आई मेली, बाजारातून येताना मारली गेली, पळाली नव्हती, हे मी तीनदा सांगितलं. माझ्या चुकीचंही सांगितलं. मग जमादाराचं ते वाक्य वाचलं. बाजेवरचा म्हातारा हलला.

"मीच सांगितलं व्हतं जमादाराला," तो म्हणाला. "पन आमी खोटं नाय बोललो गं."

"नाय बोललात, काका," ती म्हणाली. "पन एकदा तरी विचारायचं व्हतं, कंची म्हनून."

त्याने मान खाली घातली आणि ती नंतर वर केली नाही.

मला वाटलं, झालं. कागद घडी घालायला घेतले. दुसऱ्या पंचनाम्याचं अजून एक पान होतं, पण ते वाचायचं नाही असं मी निघतानाच जवळजवळ ठरवलं होतं. तिला गेली का मेली एवढंच हवं होतं, त्याचं उत्तर मिळालं होतं. वाटेत एका टपरीवर थांबलो तेव्हा मी नवऱ्याला ते पान दाखवलं होतं आणि विचारलं होतं, हे गाळू का? चष्मा वर करून त्याने ते वाचलं आणि परत दिलं. "तू तिला एकदा गाळलंयस," एवढंच तो म्हणाला.

मी पान उलटलं.

"सोबत मिळालेल्या वस्तूंची यादी आहे," मी म्हटलं. "वाचू?"

"वाच ना. आनलंय तर वाच."

"वेताची पाटी एक, रिकामी," मी वाचलं. "मीठ, फडक्यात बांधलेलं. सुकट, पानात. कागदात गुंडाळलेल्या काचेच्या बांगड्या, लहान मुलीच्या मापाच्या, नग सहा."

सून तिच्याजवळ सरकली, तर तिने हातानेच तिला थांबवलं.

"किती म्हनलीस?"

"सहा."

"मी दोन मागितल्या व्हत्या," ती म्हणाली. "रडून घेतलं व्हतं सकाळी. पैसं नाय, म्हनली व्हती." मग चुलत्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, समोर बसलेल्या सगळ्यांकडे बघत ती म्हणाली, "सा आनत व्हती."