चातुर्मासात सोडलेली गोळी

आषाढी एकादशीला कोणी चार महिन्यांसाठी वांगे सोडतो, कोणी कांदा. त्या वर्षी मी, आखडलेल्या पाठीसाठी दीड वर्ष घेत असलेली स्नायू सैल करणारी गोळी सोडली. चौथ्या दिवशी हात इतके थरथरू लागले की शेजाऱ्याच्या भिंतीविरुद्धचा माझा नेहमीचा तक्रारअर्ज कागदावर उतरेना. संतापून माळव्यातल्या आमच्या धार गावच्या दवाखान्यात गेलो व गोळीविरुद्धच तक्रार मांडली.

तेथील कंपाउंडर बाटलीवर मात्रांची कागदी पट्टी चिकटवीत, माझा तक्रारखोर लौकिक ठाऊक असल्यासारखा गालात हसत होता. नेमाचे ऐकताच त्याने बाटली खाली ठेवली.

"साहेब, ही काय वांगी आहेत? शरीराला सवय पडलीये. एकदम सोडली तर मिरगीसारखे झटके येतात, जान जाते! नेम चार महिन्यांचा आहे ना? मग सोडायलाही चार महिने घ्या की!"

 मी खो-खो हसलो. त्याने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी केली.

कार्तिकीला ती सुटली. स्थिर हाताने मी कंपाउंडरला आभाराचे पत्र लिहिले. नाव ठाऊक नव्हते, म्हणून स्वतःच नेऊन दिले. त्याने ते वाचले, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"साहेब, तक्रार कुठेय?"